‘लक्ष देत नाही’ ही नोंद लिहिण्याआधी



प्रथम सत्र संपत आलंय. पेपर तपासून झाले की आपल्यासमोर एकच मोठं काम उरतं, वर्णनात्मक नोंदी. ग्रुपवर पीडीएफ फिरायला लागल्या असतीलच. विषयवार नोंदी, विशेष प्रगती, आवड-छंद आणि शेवटी ‘सुधारणा आवश्यक’. मीसुद्धा त्या वापरल्या आहेत, खोटं कशाला बोलू? दोन वर्ग जोडून शिकवायचे, ऑनलाइन माहिती भरायची, त्यात निवडणुकीचं काम मागे लागलेलं. माणूस तयार वाक्यच उचलणार. पण त्या यादीतल्या तीन-चार वाक्यांवर माझा आक्षेप आहे. ‘वर्गात लक्ष देत नाही.’ ‘स्वभाव चंचल आहे.’ ‘दिलेले काम अपूर्ण ठेवतो.’ ‘इतर मुलांना त्रास देतो.’

ही चारही वाक्यं मी एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात दोन वर्षं लिहिली. पहिलीत आणि दुसरीत. त्याला इथे ओम म्हणू, खरं नाव वेगळं आहे.

ओम कसा होता ते सांगते, तुमच्या वर्गातला कुणीतरी आठवेल. परिपाठात प्रतिज्ञा अर्धी होईपर्यंत हा पहिल्या रांगेतून तिसऱ्या रांगेत पोचलेला असायचा. खिचडीच्या रांगेत मधेच घुसायचा, त्यावरून रोज एक भांडण. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडायचा, आणि गंमत म्हणजे ते बऱ्याचदा बरोबर असायचं. तोंडी हिशेबात वर्गात पहिला, वहीत मात्र आठातली तीन उदाहरणं. पेन्सिल आठवड्याला चार हरवायच्या. आजीने शेवटी अख्खा बॉक्सच आणून माझ्या टेबलावर ठेवला होता.

तिसरीत असताना मी मोबाईलवर एडीएचडीचे दोन-तीन व्हिडिओ बघितले आणि मला वाटलं, सापडलं! पालक सभेत, दहा-बारा पालकांसमोर, मी त्याच्या वडिलांना सांगून टाकलं, “तुमच्या ओमला एडीएचडी आहे, डॉक्टरला दाखवा.” ते उठून उभे राहिले. “माझं पोरगं येडं आहे म्हणताय का मॅडम?” पुढचे सहा दिवस ओम शाळेत आला नाही.

सातव्या दिवशी आजी आल्या. भांडायला आल्या असतील असं मला वाटलं. त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, ह्याचा बाप बी असाच होता. गुरुजींनी लई मारला त्याला. सातवीतनं शाळा सोडली. अजूनबी गाडीची चावी रोज शोधतोय.”

मी काय चुकले ते तेव्हा कळलं. एक तर निदान करायचा मला काहीच अधिकार नव्हता. माझं डीएड झालंय, मेडिकल नाही. दुसरं म्हणजे ते चारचौघांत बोलले. आणि तिसरी चूक आधीच्या दोन वर्षांची होती. आजींनी एका वाक्यात जेवढी माहिती दिली, तेवढी माझ्या दोन वर्षांच्या नोंदींमध्ये मिळून नव्हती.

आता एडीएचडी म्हणजे काय ते थोडक्यात. अटेन्शन डेफिसिट हायपरॅक्टिव्हिटी डिसऑर्डर, मराठीत अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता. हा मेंदूच्या वाढीशी संबंधित प्रश्न आहे. जगभरात साधारण पाच टक्के मुलांमध्ये तो असतो असं मानतात, म्हणजे ४० च्या वर्गात दोन. डॉक्टर वापरतात त्या डीएसएम-५ या २०१३ च्या निकषांत लक्षणांचे दोन गट आहेत. एक लक्ष न टिकण्याचा, दुसरा अतिचंचलता आणि उतावीळपणाचा. प्रत्येक गटात नऊ लक्षणं. मुलांमध्ये एका गटातली किमान सहा लक्षणं, सहा महिन्यांहून जास्त काळ, शाळा आणि घर अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. काही लक्षणं वयाच्या बारा वर्षांआधीपासूनची असावी लागतात, आणि त्यामुळे मुलाचं रोजचं जगणं अडायला हवं. फक्त माझ्याच तासाला जो दंगा करतो त्याला एडीएचडी नाही. तिथे बहुधा माझा तास कंटाळवाणा आहे.

बुद्धी कमी असण्याशी याचा संबंध नाही. आईवडिलांनी वळण नीट लावलं नाही म्हणूनही हे होत नाही. आनुवंशिकतेचा वाटा यात फार मोठा असतो, आजी म्हणाल्या ते चूक नव्हतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २००७ मध्ये मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या. मेंदूच्या बाहेरच्या थराच्या वाढीचा एक टप्पा इतर मुलांमध्ये साधारण साडेसात वर्षांच्या आसपास येत होता, तो एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये साडेदहाच्या आसपास आला. वाढीचा क्रम तोच, पण उशिरा. सगळ्यात जास्त उशीर कपाळामागच्या भागात, जिथून आपण स्वतःला आवरतो, थांबतो, काम ठरवतो. हे वाचल्यापासून मी एक ढोबळ हिशेब मनाशी ठेवलाय. शास्त्रीय नाही, माझा आहे. नऊ वर्षांच्या ओमकडून शांत बसण्याची अपेक्षा करताना मी पहिलीतलं मूल डोळ्यांसमोर आणते. माझी चिडचिड तिथेच निम्मी होते.

पालकांचा ठरलेला प्रश्न इथे येतो. “मॅडम, मोबाईलवर तासभर हलत नाही तो. मग अभ्यासातच कसं लक्ष लागत नाही?” मलाही हा प्रश्न बिनतोड वाटायचा. पण नीट बघा. गेममध्ये दर दोन सेकंदांनी काहीतरी मिळतं. आवाज, गुण, नवीन पायरी. हरलं तरी लगेच पुन्हा संधी. आणि वजाबाकीचं उदाहरण? ते सोडवून झाल्यावर वही टेबलावर जाते आणि बरोबर की चूक ते दुसऱ्या दिवशी कळतं. एडीएचडी असलेल्या मुलाकडे लक्ष नसतं असं नाही. ते कुठे लावायचं, किती वेळ धरायचं आणि कधी काढून घ्यायचं, याचा लगाम सैल असतो. आवडीच्या कामात तो इतका बुडतो की हाक ऐकू येत नाही, नावडीच्या कामात दोन मिनिटं टिकत नाही. ओमने एकदा शाळेचा बंद पडलेला पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाशेजारी अख्खी दुपार काढली, पाणीसुद्धा प्यायला उठला नाही. म्हणून ‘मनात आणलं तर करतो’ हे वाक्य या मुलांच्या बाबतीत फार अन्यायाचं आहे. मनात तर त्याच्या रोज असतं.

तर, मी काय केलं. ओमच्या घरी गेले आणि वडिलांची माफी मागितली. सोपं नव्हतं. चहा झाला, ते फारसं बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी ओम शाळेत आला. त्यानंतर मी एक शंभर पानी वही केली आणि दोन आठवडे फक्त जे दिसतंय ते लिहिलं. विशेषण एकही नाही. त्यातली एक नोंद अशी होती :

“सोमवार. वजाबाकी, ८ उदाहरणं. पहिली ३ चार मिनिटांत, बरोबर. बाहेरून ट्रॅक्टर गेला, उठून दारात. परत बसवला. चौथं अर्धं टाकून पेन्सिल शोधायला दप्तर उलटं केलं. उरलेली तोंडी विचारली, सगळी बरोबर.”

‘लक्ष देत नाही’ या वाक्याशेजारी ही नोंद ठेवून बघा. पहिल्या वाक्यातून आईला एवढंच कळतं की पोरगा वाईट आहे. दुसऱ्यातून कळतं की त्याला वजाबाकी येते, तीन उदाहरणांपर्यंत टिकतो, दाराजवळ बसवू नये आणि तोंडी विचारावं. पुढचं काम त्यातच लिहिलेलं आहे. ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात आपण मुलाची सुधारणा लिहितो. पण दाराजवळून उठवून पुढे बसवणं ही सुधारणा माझ्या बाजूची होती.

ती वही वाचून ओमच्या आई म्हणाल्या, “घरी बी असंच आहे मॅडम. आंघोळीला गेला तर साबण हातात घेऊन कुत्र्यामागे जातो.” आणि पहिल्यांदा आम्ही दोघी हसलो. वडील नंतर स्वतःहून बोलले. तीन नोकऱ्या सुटल्या, प्रत्येक ठिकाणी उशिरा पोचणं आणि कागद हरवणं. “मला वाटायचं आपणच फालतू आहे,” असं म्हणाले. एडीएचडी मोठेपणी आपोआप जातोच असं नाही. धावपळ कमी होते, पण विसराळूपणा, उतावीळपणा, कामाची टाळाटाळ बऱ्याच जणांत राहते. वर्षानुवर्षं शिव्या खाल्ल्यावर त्यात चिंता आणि नैराश्याची भर पडते. ओमच्या वडिलांची तपासणी झालेली नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल याहून जास्त मी बोलणार नाही.

डॉक्टरांकडे जाण्याआधी काही साध्या गोष्टी बघायच्या असतात, आणि त्या शिक्षकाला लवकर दिसतात. मुलाला फळ्यावरचं दिसतं का? ऐकू नीट येतं का? सकाळी काही खाऊन येतं का? रात्री किती वाजता झोपतं? घरात कुणी आजारी आहे, भांडणं आहेत, वडील बाहेरगावी गेलेत? रक्त कमी असलेलं मूलही पेंगतं आणि दुर्लक्ष करतं. घाबरलेलं मूलही वर्गात हरवलेलं असतं. ‘तारे जमीन पर’ २००७ ला आला तेव्हापासून वाचनात अडखळणारं प्रत्येक मूल आपल्याला डिस्लेक्सियाचं वाटायला लागलं, आता रील बघून प्रत्येक धावणारं मूल एडीएचडीचं वाटतंय. धावणं हे मुलांचं कामच आहे.

सगळं बघूनही शंका राहिली तर? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आपल्या शाळेत येतं. आपण मुलं रांगेत उभी करतो, वजन-उंची, दात, डोळे होतात आणि गाडी पुढच्या शाळेकडे जाते. त्यांच्या तपासणीच्या यादीत एडीएचडीही आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मला नव्हतं. पण पाच मिनिटांत कुठल्याही डॉक्टरला ते दिसणार नाही, तिथे आपली वही लागते. पथकाकडून पुढे जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ वर, फोन करता येतो. पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. गटातल्या विशेष शिक्षकांनाही आधीच सांगा. ओमच्या डॉक्टरांनी आईला पहिला प्रश्न विचारला तो “शाळेत कसा असतो?” आणि आईंनी माझ्या वहीची पानं पुढे केली. पुढच्या वेळी त्यांनी शिक्षकाने भरायचा फॉर्म माझ्यासाठी पाठवला. प्रत्येक लक्षणापुढे कधीच नाही, कधीकधी, वारंवार अशा खुणा करायच्या. वही नसती तर मी तो अंदाजपंचे भरला असता.

एक कायद्याचं सांगून ठेवते, कारण पालक विचारतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, पण एडीएचडीचं नाव नाही. बऱ्याच मुलांत एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता बरोबरच असतात, म्हणून तिसरी-चौथीत वाचन-लेखन फारच मागे असेल तर त्याची तपासणी वेगळी करून घ्यावी.

औषधांविषयी गावात फार गैरसमज आहेत. “गोळ्या चालू केल्या की पोरगं गुंगीत राहतं, मग आयुष्यभर सुटत नाहीत.” मिथाइलफेनिडेट हे यातलं नेहमीचं औषध कितीतरी दशकं वापरात आहे. ते झोपेचं औषध नाही, त्याची साधी गोळी काही तासच काम करते, आणि ती फक्त तज्ज्ञांच्या चिठ्ठीने, देखरेखीखाली घ्यायची असते. लहान मुलांत, विशेषतः सहा वर्षांच्या आत, आधी पालकांना प्रशिक्षण आणि वागण्यातले बदल यांवर भर देतात. प्रत्येकालाच गोळी लागते असं नाही. ओमला काही महिन्यांनी सुरू झाली. तेव्हा मला एक दिसलं, हा दुपारी खिचडी तशीच ठेवायला लागला. भूक कमी होणं हा या औषधाचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. मी आईंना कळवलं, त्यांनी डॉक्टरांना. मग गोळीआधी पोटभर नाश्ता आणि रात्री नीट जेवण असं ठरलं, वजन दर भेटीला बघतात. गोळी द्या किंवा बंद करा असं आपण शिक्षकांनी कधीही सांगू नये. पण ताटात काय उरलं हे आपणच सांगू शकतो.

वर्गात मी काय बदललं तेही सांगते, फार नाही. ओम आता माझ्या टेबलाजवळ बसतो, दार त्याच्या पाठीमागे. आठ उदाहरणं एकदम देत नाही. तीन झाली की मला दाखवायची, मी तिथल्या तिथे बरोबरची खूण करते, मग पुढची तीन. त्या निमित्ताने त्याचं उठणंही होतं. सूचना एका वेळी एकच, आधी नाव घेऊन. ‘वह्या काढा, तारीख टाका, पान २२ उघडा, चित्र बघा’ यातलं त्याच्या हाती फक्त ‘चित्र बघा’ लागायचं. खडू आणणं, फळा पुसणं, घंटा वाजवणं ही कामं त्याची. आणि जे मी पूर्वी करायचे ते पूर्ण बंद केलं, काम अपुरं म्हणून मधल्या सुट्टीत बसवून ठेवणं. ज्याला हलण्याची सगळ्यात जास्त गरज, त्याचीच सुट्टी मी काढून घेत होते.

“एकाचे एवढे लाड केले तर बाकीच्यांनी काय करायचं?” आमच्या शिक्षण परिषदेत एका सरांनी विचारलं. खरं तर उदाहरणं तीन-तीन करून दिल्याने आणखी चार मुलांच्या वह्या पूर्ण व्हायला लागल्या. आणि चष्मा लागलेल्या मुलाला आपण लाड म्हणत नाही. दुसरे एक ज्येष्ठ सर म्हणाले, “आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं, दोन छड्यांत सरळ व्हायचे.” मारणं आणि मानसिक छळ २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद केलाय, ते असू दे. पण सरांच्या वेळी सरळ न झालेली मुलं गेली कुठे? ती सातवीतनं शाळा सोडून गेली. त्यातल्या एकाच्या घरी मी चहा प्यायलेय.

पालकहो, तुम्हाला एकच विनंती. रात्री नऊला, सगळे दमलेले असताना गृहपाठ उरकण्यावरून जे रणकंदन होतं ते थांबवा. शाळेतून आल्यावर खेळून झालं की दहा मिनिटं, मग विश्रांती, मग पुन्हा दहा मिनिटं. उरलं तर तसंच पाठवा, आम्हाला चिठ्ठी लिहा. ताईशी तुलना तर नकोच.

ओम आता चौथीत आहे. सगळं छान झालं असं समजू नका. गेल्याच आठवड्यात त्याने रागात एकाची पाटी फोडली. अक्षर अजून वाईट आहे. पण शाळा बुडवत नाही.

मला सध्या दुसरीच एक मुलगी छळतेय. चार वर्षांपूर्वी माझ्याकडे चौथीत होती. तिच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिलं होतं, ‘शांत व आज्ञाधारक’. कधी उठली नाही, कधी कुणाला मारलं नाही. खिडकीजवळ बसायची. तीन हाका मारल्यावर वळायची. पाण्याची बाटली रोज शाळेत राहायची. मुलींमध्ये एडीएचडी अनेकदा असाच असतो, धावपळ नाही, नुसतं लक्ष निसटणं. त्यामुळे त्या कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. तिची आई मागच्या बाजारात भेटली. मुलगी आठवीत आहे, रात्री रडते, “मी ढ आहे” म्हणते, जेवण कमी झालंय. तिला एडीएचडी आहे की नैराश्य आहे की आणखी काही, ते मी सांगू शकत नाही. आईला म्हटलं, वाट बघू नका. येत्या गुरुवारी तिला घेऊन त्या शाळेत येणार आहेत, पुढे जिल्हा रुग्णालयात मीही बरोबर जाईन.

काल कपाटात तिची जुनी संचिका सापडली. त्यात ‘माझा आवडता सण’ निबंध आहे. पहिल्या चार ओळी सुंदर अक्षरात, पाचवी मधेच तुटलेली, खाली पान कोरं. त्यावर माझी लाल शाईतली सही आहे आणि शेरा आहे, ‘पूर्ण करणे’.